कॉमेट कुणाची

बुधवारी संध्याकाळी बे सिटीतले म्हातारे आपापल्या जुन्या गाड्या पुसूनपासून नदीकाठच्या आइस्क्रीमच्या दुकानापुढे आणून लावत. बॉनेट उघडं, मागे घडीच्या खुर्च्या, आणि खुर्चीत बसलं की एकच विषय: विकायला नको होती ती गाडी. प्रत्येकाची एक होतीच. कुणाची बापानं फुंकून टाकलेली, कुणाची घटस्फोटात गेलेली. एमिल वॉझ्नियाकची होती त्रेसष्टची मर्क्युरी कॉमेट. म्हणजे एमिल तसं सांगायचा.

"निळसर हिरवी. दोन दारांची. काय दिसायची!" तो म्हणायचा. "अन् मी गाढवानं ती देऊन काय आणलं? होडीची मोटर! मासे धरायला!"

सगळे मांडीवर थाप मारून हसायचे. त्याची बायको बर्निस शेजारच्या खुर्चीत बटाट्याच्या सॅलडचा डबा घेऊन बसलेली असायची, आणि दर बुधवारी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण गाडी तिची होती. लग्नाआधी कारखान्यात रात्रपाळ्या करून तिनं ती घेतली होती, स्वतःच्या नावावर. सदुसष्ट साली ती बाळंतपणाला हॉस्पिटलात पडली होती, तेव्हा या माणसानं तिची सही स्वतःच ठोकली आणि गाडी विकून मोकळा झाला. पोरीला घेऊन ती घरी आली तर अंगणात गाडीच्या जागी होडीची मोटर. "एवढं काय त्यात? गाडीच तर होती," एवढंच बोलला. ते तिनं गिळलं. पण आता म्हातारपणी हळहळसुद्धा त्यानंच बळकावावी? गाडी नेलीस ती नेलीस, तिच्यासाठी रडायचा हक्कही तुझाच का रे, मेल्या?

एकदाच, चारचौघांत, गाडी बर्निसची होती एवढं त्यानं म्हणावं. तिला दुसरं काही नको होतं.

जूनच्या शेवटी सरोवरावरून किड्यांचे थवे आले. दरवर्षी येतात. दिव्यांवर, काचांवर, माणसांच्या टोप्यांवर बसतात, पायाखाली करकर वाजतात, आणि सगळीकडे मासळीचा वास सुटतो. त्या बुधवारी रांगेतल्या सगळ्या गाड्या किड्यांनी भरल्या होत्या. शेवटच्या गाडीवर मात्र एकही किडा नव्हता.

निळसर हिरवी कॉमेट. बॉनेट बंद. मागे खुर्ची नाही.

"कुणाची रे ही?" हार्लननं विचारलं. हार्लन म्हणजे लाल ब्यूइकवाला, एमिलचा जुना दोस्त. कुणालाच माहीत नव्हतं. ती येताना कुणी पाहिलीही नव्हती.

बर्निस हळूहळू चालत तिच्यापाशी गेली. मागच्या चाकावरच्या पत्र्याला, बंपरच्या जरा वर, टिकलीएवढा रंग उडाला होता आणि त्यावर नेलपॉलिशचा थर होता. कारखान्याच्या फाटकाला घासली तेव्हा गंज चढू नये म्हणून तिनंच लावला होता, बिनरंगी. ब्रशचा एक केस त्यात अडकला होता, तो अजून तिथंच होता. तिनं बॉनेटवर हात ठेवला. पत्रा गरम होता.

घरी परतताना ती म्हणाली, "ती माझी गाडी आहे."

"तसल्या हजारो केल्या असतील कंपनीनं," एमिल म्हणाला. "उगाच डोकं नको खाऊ."

पुढच्या बुधवारी कॉमेट त्यांच्या शेजारच्याच जागेत होती. किडे तिच्यापासून हातभर अंतरावरून उडत होते. आत पुढची सीट पार स्टिअरिंगपाशी ओढलेली होती. एवढी पुढे फक्त बर्निस घ्यायची, पाय पोचत नसत म्हणून. राखेच्या खणात अर्धी सिगरेट धुमसत होती आणि टोकाला गुलाबी लिपस्टिक लागली होती. बर्निसनं सिगरेट सोडून कैक वर्षं झाली होती. तरी घशात तो धूर उतरल्यासारखं तिला वाटलं आणि ती मागे सरली.

एमिलला मात्र चेव चढला. भोवती माणसं जमलेली, सगळे त्याच्याकडे बघतायत, आणखी काय पाहिजे?

"हीच ती!" तो म्हणाला. "शप्पथ! माझी कॉमेट! हार्लन, फोटो काढ माझा."

"एमिल," बर्निस म्हणाली, "कुणाची कॉमेट?"

"आता तुझीमाझी काय काढतेस? एकाच घरातली ना?"

"कुणाच्या पगारातली? सांग यांना."

"झालं सुरू!" एमिलनं मंडळींना डोळा मारला. "बायका, दुसरं काय!"

सगळे हसले. तिचे कान तापले. डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

एमिलनं दार उघडलं. पोट आत ओढून, गुडघे स्टिअरिंगखाली कोंबून तो कसाबसा बसला आणि सीट मागे सारायला खालचा दांडा ओढू लागला. सीट हलेना.

दार लागलं. कुणी लावलं नव्हतं. काच वरपर्यंत बंद होती.

"खट" असा बारीक आवाज झाला. सीट एक खाच पुढे आली.

एमिल हसला. मग हसायचा थांबला.

खट.

स्टिअरिंग त्याच्या छातीत रुतलं. तो दार ढकलू लागला, काचेवर थापा मारू लागला. तोंड उघडत होतं, मिटत होतं. बाहेर मात्र चकार शब्द ऐकू येत नव्हता.

"अरे, काय नाटकं करतोय हा!" हार्लन फोटो काढत म्हणाला.

बर्निसनं दाराची मूठ धरली. तिच्या हाताखाली मूठ सहज खाली गेली. नुसतं ओढायचं बाकी होतं.

खट.

एमिलनं काचेतून तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, सावकाश, नीट. तुझी. गाडी तुझी होती, बर्निस. तुझी.

इतकी वर्षं ज्यासाठी जीव जाळला ते त्यानं शेवटी म्हटलं होतं. आणि या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात ते तिच्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं.

"काय म्हणतोय गं तो?" हार्लननं विचारलं.

बर्निसनं मूठ सोडली.

"मोटरचीच गोष्ट सांगतोय," ती म्हणाली. "होडीची."

सगळे खदाखदा हसले.

इंजिन चालू झालं. कॉमेट अलगद मागे सरली आणि रांगेतून बाहेर पडून रस्त्याकडे निघाली. कुणी टोपी हलवली, कुणी शिटी मारली. "जपून चालव रे!" हार्लन ओरडला.

मागच्या काचेतून एमिलचं डोकं दिसत नव्हतं.

रस्त्याच्या तोंडाशी गाडी क्षणभर थांबली. चालकाच्या बाजूची काच आता खाली होती. तिच्यातून एक हात बाहेर आला आणि त्यानं डावीकडे वळायची खूण केली. हात बाईचा होता, तरुण. बोटात अंगठी नव्हती.