दुसऱ्या वाहिनीची अकरा सेकंदं

दुसरी वाहिनी महिनाअखेरीस बंद होणार, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकतीस वर्षं मी तिथल्या टेप लायब्ररीत काढली होती. जुन्यांपैकी आता दोनच उरले होते, मी आणि लोखंडी कपाटं.

इतिहास तसा लाजिरवाणाच. वरच्यांनी पहिली वाहिनी लाडानं वाढवली आणि दुसरीला तिचे उतरलेले कपडे घातले. पहिलीच्या वापरून झालेल्या टेपा आमच्याकडे यायच्या. त्याही पुरायच्या नाहीत, म्हणून प्रसारणानंतर तीस दिवसांनी टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची. पुसायचं यंत्र म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी करडी पेटी. टेप तिच्यावर ठेवून बटण दाबलं की गुंई आवाज व्हायचा आणि सगळं साफ. आम्ही त्याला 'न्हावी' म्हणायचो. पहिल्या पंधरा वर्षांतलं आमचं जवळजवळ काहीच शिल्लक नाही, ते या न्हाव्याच्या कृपेनं.

माझी धाकटी बहीण तिथे निवेदिका होती. पुढचा कार्यक्रम कोणता, एवढंच सांगायची, पण लोक तिच्यासाठी टीव्ही लावायचे. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. तिची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची. मी कामावर परतलो, समोर आलेल्या पुसायच्या यादीवर न वाचता सही ठोकली. त्या यादीत तिच्या होत्या नव्हत्या तेवढ्या टेपा होत्या. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. भाचीला तर नाहीच नाही.

भाची आता शाळेत शिकवते. वाहिनी बंद होणार हे कळल्यावर ती मला भेटायला आली. म्हणाली, "मामा, आईचा आवाज मला आठवतच नाही. एक मिनिट तरी शोध ना."

तेव्हापासून मी एकेक टेप शेवटपर्यंत बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या चित्रकलेची टेप लावली. कार्यक्रम बाविसाव्या मिनिटाला संपला, पुढे नुसते काळेपांढरे ठिपके. मी बंद करणार, तेवढ्यात ती दिसली. "नमस्कार. यानंतर पाहूया..." बस्स, अकरा सेकंदं. आवाज दबलेला, पण तिचाच. मला रडूच फुटलं.

न्हाव्याच्या हातून एखादी बट सुटली असेल, मी मनाशी म्हटलं. मग टेपेचा क्रमांक वहीत पाहिला. ती टेप बहीण गेल्यावर सहा वर्षांनी आली होती, क्वचित मिळणाऱ्या नव्या टेपांपैकी, कोरी करकरीत. वहीतच चूक असणार, असं ठरवून मी भाचीला फोन लावला.

"मामा, खरंच?" ती ओरडलीच, पण आवाज फाटला. "घसा बसलाय जरा. वर्गात बोलून बोलून."

दुसऱ्या दिवशी नक्कल काढायला टेप पुन्हा लावली. या वेळी बहीण चाळीस सेकंदं बोलली, अगदी खणखणीत. नक्कल मात्र कोरी निघाली. तासाभरात भाचीचा फोन आला, तर नुसती कुजबुज.

"डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही. ते जाऊ दे. आई कशी दिसते, सांग ना."

मी विज्ञानाचा पदवीधर. असल्या गोष्टींना आयुष्यभर हसत आलो. तरी खात्री करून घ्यायची म्हणून तिसऱ्यांदा टेप लावली.

ती आली, पण बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. आवाज नव्हता. तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

टेबलावरचा फोन वाजला. भाचीचा नवरा होता.

"मामा, हिचा आवाज पूर्ण गेला हो. तोंड उघडते, पण काहीच येत नाही. एकसारखी रडतेय."

एका टेपेवर एका वेळी एकच काहीतरी राहतं, हा आमच्या कामातला पहिला धडा. माझ्या बहिणीची जगातली शेवटची खूण माझ्यासमोर होती आणि तिकडे तिची लेक मुकी झाली होती.

कोणाला ठेवायचं, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. टेप न्हाव्यावर ठेवली.

"माफ कर गं," म्हटलं आणि बटण दाबलं.

नियमाप्रमाणे टेप पुन्हा लावून पाहिली. नुसते ठिपके.

दहा मिनिटांनी फोन आला. भाचीचा नंबर.

"आला का आवाज?" मी विचारलं.

"आला. अगदी मोकळा."

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.



"दादा," ती म्हणाली, "आत्ता कुणाला पुसलंस?"