खाणीतून वर जाणारा रस्ता

कुणाला पाणी प्यायला उठायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर मला सोबतीला चला म्हणाल, मी येणार नाही.

ही गोष्ट माझ्या साडूची. पर्यावरण खात्यात तपासनीस. माणूस इतका सरळ की गप्पांतसुद्धा थाप मारत नाही, म्हणून सांगतोय. गेल्या वर्षीचा मार्च, शेवटचा शनिवार.

एका कंपनीला नवा डोंगर फोडायचा होता. नियम असा की आधी जुनी खाण बुजवा, त्यावर सुपीक माती पसरा, झाडं लावा, मगच नवी परवानगी. कंपनीनं कळवलं, सगळं झालं. सोमवारी गावकऱ्यांसमोर सुनावणी होती. त्याआधी पाहणीला म्हणून साडू निघाला, तर वाटेत जीप बंद पडली आणि पोचेपर्यंत दिवस मावळला.

फाटकावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, वरूनच फोटो काढा की," मॅनेजर हसला. "खाली उतरून काय मुंग्या मोजायच्यात?"

"भराव किती खोल आहे ते वरून कळत नाही."

"अहो, पण खाली जायला..." आणि रेंज गेली.

कड्याला बिलगून एक मुरमाचा रस्ता वळत वळत खाली जात होता. जीपच्या दिव्यांत चांगला लख्ख दिसत होता. साडू जीप घेऊनच खाली उतरला.

तळाशी रोपांच्या रांगा. त्यानं एक रोप ओढून बघितलं. मुळंच नव्हती, नुसत्या फांद्या खोचलेल्या. "चला, इथंही आनंदीआनंद," असं पुटपुटत त्यानं सोबतची सळई मातीत खुपसली. वीतभर गेली आणि खण्णकन लोखंडावर आपटली. परत काढायला गेला, तर निघेना. दोन्ही हातांनी ओढली. निघेना. मग ती खालूनच सुटली. अलगद. कुणी मूठ सोडावी तशी.

साडू जीपमध्ये बसला.

चढ सुरू झाला. उजवीकडे कडा, डावीकडे अंधार. एक वळण, दुसरं वळण. आता फाटक येणार असं वाटलं, आणि दिव्यांत रोपांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुन्हा तळ. रस्ता चुकला म्हणावं, तर चुकायला दुसरा रस्ता होताच कुठं? तो पुन्हा चढला. इंजिन धापा टाकत होतं, जीपचं नाक आभाळाकडे होतं, पाठ सीटला चिकटली होती. म्हणजे चढतच होता तो.

पुन्हा रोपं.

त्यांच्यामध्ये आता एक माणूस उभा होता. डोक्यावर हेल्मेट. गुडघ्यापर्यंत मातीत.

"वर चाललात?"

"हो... रस्ता सापडत नाही."

"आम्हालाही..."

साडूनं काच वर केली. दारं आतून लावली. समोर बघितलं तर माणूस नव्हता. मागची सीट कुरकुरली. जीप जराशी दबली. मग... आणखी एकदा दबली.

त्यानं आरशात बघितलं नाही. चावी फिरवली. इंजिन गप्प. दिवे मंदावले. विझले.

मागे कुणी बोललं नाही.

रात्रभर...

पहाटे कड्यावरून हाका आल्या. साडू घरी आला नाही, फोन लागेना, म्हणून माझ्या मेहुणीनं पोलिसांना झोपू दिलं नव्हतं. सोबत मॅनेजर होता, चेहरा चुन्यासारखा.

"साहेब, तुम्ही खाली गेलात कसे?"

"रस्त्यानं."

"रस्ता कुठाय?"

साडूनं मान वर केली. चारी बाजूंनी ताशीव, उभा कडा. खाली जायचा रस्ता कंपनीनं कधीच कापून टाकला होता, भरावाला तेवढीच माती झाली म्हणून. साडूला दोरानं वर ओढलं.

सोमवारी त्यानं सुनावणीत सगळं सांगितलं, रात्रीचं तेवढं सोडून. भराव उकरायचा हुकूम निघाला. नवा रस्ता पाडून यंत्रं खाली नेली, आणि वीतभर मातीखाली डंपर निघाला. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार. दोघं काम सोडून पळाले, असं कंपनीनं घरी कळवलेलं. ड्रायव्हरची बायको एकटी म्हणत राहिली होती, "ते पळणाऱ्यातले नाहीत." मॅनेजर तुरुंगात गेला. डोंगर वाचला.

आता तुम्ही म्हणाल, साडूला झापड आली, स्वप्न पडलं. मीही तेच म्हणालो होतो. म्हणून तो मला तिथं घेऊन गेला. दिवसाउजेडी.

त्यानं समोरच्या कड्याकडे बोट केलं. उभा काळा दगड. पाल सरकेल की नाही, असा. आणि त्यावर तांबड्या मातीचे टायरचे माग... तळापासून वर चढत गेलेले...

काठाच्या जरा अलीकडे थांबलेले.