मशीन क्रमांक सात

मी ऑफिसात शिरले तेव्हा माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. एका मोज्याला भोक होतं.

"कोण आहे?" मी दबकत विचारलं.

"सर्व्हरवाला," टेबलाखालून उत्तर आलं. मग धुळीने माखलेलं एक डोकं वर आलं आणि माझ्याकडे बघून असं काही हसलं, की... जाऊ दे. मी चिडायचं विसरले, एवढंच.

आमच्या कंपनीची चार ऑफिसं. आम्ही घरांचे नकाशे काढतो. नकाशांचं सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळं टाकायचा वैताग आता संपवायचा होता. ते मुख्य ऑफिसातल्या एकाच सर्व्हरवर ठेवून सगळ्यांनी तिथूनच चालवायचं, की प्रत्येक ऑफिसात एकेक छोटा सर्व्हर बसवायचा? हे ठरवायला त्याला मुख्य ऑफिसातून पाच दिवसांसाठी आमच्या शाखेत धाडलं होतं.

"इथे वेगळा सर्व्हर बसला तर?" तिसऱ्या दिवशी चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर मला दर महिन्याला यावं लागेल, देखभालीला."

"आणि सगळं मुख्य ऑफिसात ठेवलं तर?"

"मग तुमची सुटका — माझं तोंड पुन्हा बघायला नको."

"इतकं काही वाईट नाही हो," मी बोलून गेले आणि कपात नाक खुपसलं.

टेबलाखाली एक माणूस सापडला, एवढंच मी घरी वहिनीला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात दोन चमचे यायला लागले.

सगळं अडलं होतं आमच्या इंटरनेटच्या लाइनवर. ती वेगवान निघाली तर एकच सर्व्हर पुरणार, हळू निघाली तर इथे वेगळा लागणार. चौथ्या दिवशी तो लाइन तपासायला बसला आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी दहा वर्षांचे जुने नकाशे एकदम मुख्य ऑफिसला पाठवायला लावले. लाइन मुंगीच्या पावलांनी चालू लागली. तो पडद्याकडे बघत डोकं खाजवत राहिला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

घरी गेल्यावर मात्र मन खायला लागलं. माझ्या लबाडीवर बेतलेल्या अहवालावर त्याची सही पडणार होती. उद्या हे उघडकीला आलं तर नाचक्की त्याची.

पाचव्या दिवशी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काल लाइन हळू नव्हती... मी केली होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "लाइन कुणी अडवली ते मला दिसतं. तुझं मशीन, क्रमांक सात. म्हणून आज तू यायच्या आधी पुन्हा तपासली. सुसाट आहे."

तो मला 'तू' म्हणाला, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मग... एकच सर्व्हर?"

"एकच. तसंच लिहिलंय. खोटं कसं लिहू?" त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "पण का केलंस?"

"तुम्ही दर महिन्याला यावं म्हणून. मला आवडता तुम्ही." मी एका दमात सांगून टाकलं. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं?

त्याचे कान लाल झाले. "वेडी आहेस. सगळं एकाच सर्व्हरवर असलं की तो सांभाळणारा कुठल्याही ऑफिसात बसू शकतो. अहवालाचं शेवटचं पान वाच."

मी वाचलं. देखभाल करणाऱ्याची जागा — मशीन क्रमांक सातच्या शेजारचं टेबल.

"साहेबांनी फोनवर होकार दिलाय," तो हळूच म्हणाला. "दर महिन्याला नाही, रोज आलो तर... चालेल?"

मी डबा उघडला आणि दुसरा चमचा त्याच्या हातात दिला.