कोरड्या नळ्यांची हाक

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. पण मागच्या मे महिन्यात, आष्टीकडच्या एका धरणावर, भर दुपारी जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मी अंकिता. सावंगीला नर्स आहे.

त्या धरणाच्या काठावर, दगडांमध्ये, एका कलाकाराने लोखंडी नळ्या बसवल्या आहेत. पाणी भरलेलं असलं की लाटा नळ्यांत शिरतात, आतली हवा कोंडते आणि नळ्या वाजतात. समुद्रकिनारी असतं म्हणे तसं वाद्य. हिवाळ्यात वर्ध्याहून लोक ते ऐकायला येतात, सेल्फी काढतात.

उन्हाळ्यात पाणी खाली जातं. नळ्या गप्प होतात.

उघड्या पडलेल्या गाळात माझी आत्या, वच्छलाबाई, काकडी लावते. ती जमीन मुळात तिचीच, धरणात बुडालेली. तिथला रिवाज असा की एक हंगाम जो गाळ सोडेल, त्याची जागा दुसरा धरतो. तिचा नवरा, म्हणजे आमचे प्रभाकर मामाजी, दोन वर्षांपूर्वी तिथेच वाफ्याला पाणी देताना छातीत दुखून गेले.

मागच्या वर्षी काकडी तोडणीला आली आणि तोडणाऱ्या बायांनी यायचं बंद केलं.

नळ्या वाजतात म्हणे... कोरड्या असताना.

आत्याचे दीर बंडूजी तिला समजावून गेले. यंदाचा माल जाऊ दे, जागाही सोडून दे. मला रागच आला. काकडी वेलावर पिवळी पडत होती आणि हे लोक नळ्यांना घाबरत होते! सुट्टी टाकून मी गेले.

आम्ही दोघीच तोडत होतो. वारा नव्हता. पाणी नळ्यांपासून पार लांब, खाली.

एकाएकी सगळे बगळे उडाले. मग कसलाच आवाज नाही...

आणि मग...

होऽऽऽ...

नळीतूनच आली हाक. शेवटचा वाफा भरला की मामाजी अगदी अशीच हाक द्यायचे. आत्या इकडून ओ द्यायची आणि मोटर बंद करायची. लहानपणी मी शंभरदा ऐकलेलं.

घरी चल, म्हटलं मी तिला.

होऽऽऽ...

आत्या उठली. पदर खोचला आणि नळ्यांकडे तोंड केलं.

"ऐकू येऊन राह्यलं मले," ती ओरडली. "येत नाई मी. जागाबी सोडत नाई. तुमी बसा आता, पाणी मी पाहीन."

हाक थांबली.

संध्याकाळपर्यंत आम्ही तोडलं. माल आष्टीच्या बाजारात गेला. हाक थांबल्याचं कळल्यावर बायाही परत आल्या.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

शेवटच्या तोडणीला मी पुन्हा गेले. नळ्या तशाच कोरड्या. आत्या माझ्या शेजारी बसून भाकर खात होती.

होऽऽऽ...

आणि लगेच दुसऱ्या नळीतून...

ओऽऽ...

बाईचा आवाज. आत्याचा.

मी वळून पाहिलं. तिच्या तोंडात घास होता.

तिनेही ऐकलं होतं. सावकाश घास गिळला, पाणी प्यायली.

"असू दे," ती म्हणाली. "त्यायच्यापाशी, तिथलीबी जागा सोडत नाई मी."

यंदाही तिने गाळात काकडी लावली आहे. मी रोज फोन करते. ती उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.