वीतभर गवत

हेटी ओल्डरॉइडने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्या गवताला टाचेने उकरत होता.

ऑगस्टमधली सकाळ होती. दुपारी मोसमाचा पहिला सामना. विदरब्रिज टाउन बऱ्याच वर्षांनी वरच्या लीगमध्ये आलं होतं, सगळं गाव खिडक्यांना झेंडे लावून बसलं होतं, आणि हेटी मात्र दव पडलेल्या मैदानावर रेघा मारायची गाडी ढकलत होती. कोपऱ्यापर्यंत पोचून तिने सहज मागे पाहिलं, तर गोलसमोर एक लांबलचक तरुण उभा! डाव्या टाचेने जमीन खरवडतोय... एकदा, दोनदा, नीट खोल.

"ए! ए लांबड्या!" तिचा आवाज रिकाम्या स्टँडवर आपटून परत आला. "काय चाललंय तुझं?"

त्याने दचकून इकडेतिकडे पाहिलं. "मी?"

"नाही, तुझ्या मागचा! हो बाजूला तिथून!"

तो बाजूला झाला, आणि झाला तो थेट ओल्या रेघेवर. बूट पांढरा झाला, रेघ फिसकटली. हेटी गाडी तिथेच टाकून धावत आली.

"माझी रेघ!"

"सॉरी... मला वाटलं सुकली असेल."

"आणि हे काय खणलंयस? बटाटे लावायचेत?"

"खूण आहे ती. गोलच्या बरोब्बर मध्यावर." त्याने हात पुढे केला. सुपाएवढा पंजा. "मी ग्रिफ. नवा गोलकीपर."

हेटीने त्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "असशील. हे गवत मी उन्हाळाभर राबून वाढवलंय."

"आमच्या घरी गवत मेंढ्या खातात," तो हसत म्हणाला. "त्यांच्या वतीने सांगतो... फार छान झालंय."

चूक झाली ती तिथे. तो हसला नसता, तर हेटीने कदाचित त्याला सोडून दिलं असतं. मैदानाचा सगळा कारभार पाहणारा म्हातारा क्लिफ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा, की पोरगी सोन्यासारखी आहे, पण तिच्या रागाच्या वाटेला जाऊ नका. वेल्सच्या डोंगरातून आलेल्या ग्रिफ प्रॉसरला हे सांगायचं मात्र क्लिफ विसरला होता.

मग दर आठवड्याचाच तमाशा सुरू झाला. शनिवारी ग्रिफने खूण खणायची, सोमवारी हेटीने गुडघ्यांवर बसून ती बुजवायची, वाळू घालायची, बी टाकायचं. पुन्हा शनिवारी साहेब टाच घेऊन हजर! मध्यंतरानंतर दुसऱ्या टोकाला जायचे, तर तिथेही तेच. हजारो लोक त्याच्या नावाने टाळ्या वाजवायचे आणि ही एकटी दातओठ खात बसायची. एकदा तिने सरावाच्या वेळी गोलमध्ये पाटी रोवली, 'मेंढ्यांना सक्त मनाई'. ग्रिफ पाटीपुढे हात जोडून उभा राहिला आणि मोठ्याने ओरडला, "बेंऽऽ!"

हेटीला हसू आलं. अगदी फुटलंच. मग हसू आलं म्हणून तिला दुप्पट राग आला.

तो राग तिने ऑक्टोबरमध्ये काढला. मैदानावर परवानगीशिवाय खूण करणं नियमात बसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सामन्याआधी रेफरी गवत पाहायला आला, तेव्हा तिने गोड आवाजात म्हटलं, "आमच्या गोलकीपरच्या टाचेवर जरा लक्ष ठेवा हं." खेळ सुरू होतो न होतो तोच ग्रिफला पिवळं कार्ड! स्टँडमधले लोक बोंबलत उठले, कुणालाच काही कळेना. ग्रिफला कळलं. त्याने वळून बरोबर तिच्याकडे पाहिलं.

त्या दिवशी टाउन हरलं. सामना संपल्यावर तो तसाच, चिखलाच्या बुटांनी, यंत्रांच्या शेडमध्ये आला.

"झालं समाधान?"

"झालं," हेटी म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"नियम! एकदा विचारलंस का मला, की बाबा रे, का खणतोस?"

"दहा वेळा ओरडून विचारलं!"

"ओरडलीस. विचारलं नाहीस."

तो एका उपड्या बादलीवर बसला. आवाज खाली आला.

"मागच्या वर्षी, पोर्टहॅमकडून खेळताना... मोठा सामना होता. मी पुढे जाऊन बॉल ठोशाने उडवला, मागे आलो, उभा राहिलो. मला वाटलं गोल माझ्या मागे आहे. नव्हता. मी एका बाजूला उभा, अर्धा गोल उघडा. बॉल गेला आणि मी उडी मारली ती खांबाबाहेर. लोक इतके हसले, हेटी! अजून हसतात. फोनवर एकमेकांना पाठवतात." त्याने ग्लोव्हज काढून गुडघ्यावर ठेवले. "पोर्टहॅमने मला इथे लोनवर धाडलं. उसना. आता सारखं मागे बघावंसं वाटतं, आणि बघितलं की समोरचा बॉल जातो. म्हणून खूण. खाली पाहिलं की कळतं... मी कुठे आहे."

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. हेटीने थर्मासमधला चहा त्याच्यापुढे सरकवला. तिचा राग काही गेला नव्हता. फक्त तो आता त्या हसणाऱ्या लोकांवर निघाला होता. एकेकाला शोधून बदडावं असं तिला वाटलं.

"साखर नाही त्यात," ती तोडून म्हणाली.

"चालेल."

"चालेल काय? नाहीच आहे, तर चालवावंच लागेल."

पुढच्या सामन्याला तो गोलसमोर आला, टाच उचलली आणि थांबला. सहा यार्डांच्या रेघेवर, बरोब्बर मध्यावर, वीतभर गवत चमकत होतं. जमीन खणलेली नव्हती, रंग नव्हता. हेटीने पहाटे ताठ केसांच्या ब्रशने तेवढंच गवत उलटं विंचरलं होतं. गोलमधून पाहिलं तर फिकट दिसायचं, बाकी कुठूनही पाहिलं तर काहीच नाही. रेफरीलाही नाही. दुसऱ्या टोकालाही तसंच.

ग्रिफने मान वर केली. खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी ती, हातात बुटांनी उखडलेली ढेकळं बसवायचा काटा धरून उभी होती. त्याने डाव्या हाताचा ग्लोव्ह दोनदा ओढला. तिने नजर वळवली. पण गाल तापले ते तापलेच, नोव्हेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यातसुद्धा.

त्या दिवशी टाउनने एकही गोल खाल्ला नाही.

"ते तू केलंस?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"काय?"

"ते... गवत."

"गवत वाऱ्याने वळतं."

"फक्त माझ्याच गोलसमोर वारा सुटतो?"

"घरी जा," हेटी म्हणाली. तो गेला नाही. स्टेडियमबाहेरच्या गाडीवरून रस्सा भरलेल्या दोन गरम पाई घेऊन आला आणि दोघांनी त्या शेडमध्ये उभ्याउभ्या खाल्ल्या. तिच्या हनुवटीवर रस्सा ओघळला. त्याने बोट पुढे केलं, मग भ्यायला, मग रुमालच दिला. गोलकीपर असून इतका भित्रा कसा, याचा तिला घरी पोचेपर्यंत राग येत होता.

हिवाळा असाच गेला. दर सामन्याला ब्रश, दर सामन्याला दोनदा ओढलेला ग्लोव्ह. संघाचं काही खरं नव्हतं, गुणतक्त्याच्या तळाशी तो गटांगळ्या खात होता, पण ग्रिफ भिंतीसारखा उभा राहायचा. लोकांनी त्याच्यावर घोषणाच रचली होती, "उसना असला तरी आमचा!" स्टँडचे पत्रे हादरायचे. हेटीच्या मात्र कपाळाची शीर उठायची. आमचा म्हणे! मे महिन्यात परत द्यायचा, तेव्हा कळेल कुणाचा ते.

एप्रिलमध्ये तिला राहवलं नाही.

"मोसम संपला की जाणार तू?"

"उसना आहे ना मी."

"साखर असते उसनी! माणूस नसतो!"

"मग तू सांग ना... जाऊ नको म्हणून."

"मी का सांगू? तुला तोंड नाही?"

"माझ्या हातात काय आहे, हेटी? पोर्टहॅमशी करार आहे माझा."

"करार मी विचारलाच नाही!" ती किंचाळली. "तू काय म्हणतोस, ते विचारतेय!"

आणि हा माणूस, जो छातीवर येणाऱ्या बॉलपुढे उडी मारतो, तो बाई काय म्हणेल या भीतीने दार लावून निघून गेला. हेटीने दारावर बादली फेकली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. विंचरणं मात्र बंद पडलं नाही, फक्त ती आता ब्रश असा घासायची, की क्लिफ म्हणायचा, "पोरी, जीव घेशील त्या गवताचा."

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, आणि तो नेमका पोर्टहॅमशी. हरलं तर टाउन खालच्या लीगमध्ये. उसन्या खेळाडूला आपल्याच मूळ क्लबाविरुद्ध खेळता येत नाही, म्हणून गोलमध्ये राखीव गोलकीपर आणि ग्रिफ कोट घालून स्टँडमध्ये. रविवारी तो दक्षिणेला, समुद्रकाठच्या पोर्टहॅमला परत जाणार, हे तिला त्याने नाही, क्लिफने सांगितलं. तोंडाने सांगायला यांना काय पैसे पडतात!

मध्यंतर झालं. हेटी काटा घेऊन ढेकळं बसवायला गेली. गोलसमोर वाकून काम करत होती, तोच स्टँडमधून गलका उठला. तिने वर पाहिलं. ग्रिफ जाहिरातींच्या पाट्यांवरून उडी मारून आत आला होता. कोट, चकचकीत बूट, गळ्यात टाय. क्लिफच्या हातातला काटा त्याने मागून घेतला आणि तिच्याशेजारी येऊन ढेकळं दाबायला लागला.

"चालता हो," ती दातांतून म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे. वर्षभर मी उकरलं, आज बसवतो."

"उलटा धरलायस काटा."

त्याने काटा सुलट केला. मग तो एकदम थांबला. सहा यार्डांच्या रेघेवर, गोलकीपरच्या बुटांनी अर्धं पुसलेलं, पण होतं... वीतभर फिकट गवत.

"हेटी," तो हळू म्हणाला. "मी आज खेळत नाहीये."

ती काटा खुपसत राहिली.

"राखीव गोलकीपर तर याकडे बघतही नाही. मग हे कुणासाठी?"

"सवय!"

"खोटं."

"हो, खोटं!" तिने काटा जमिनीत रोवला. डोळे भरले होते आणि त्याचाही तिला संताप आला होता. "तुझ्यासाठी! तू नसलास तरी तुझ्यासाठी! झालं समाधान? आता जा दक्षिणेला आणि समुद्रात बुडून मर!"

"मला तू हवी आहेस," ग्रिफ म्हणाला. एका दमात, डोळे मिटून. "मी कुठे आहे ते मला फक्त तू असलीस की कळतं. एप्रिलमध्येच सांगायचं होतं. भ्यायलो. आता पुन्हा म्हणू का, की एकदा पुरे?"

"उसना असला तरी आमचा!" सगळं स्टेडियम गर्जत होतं.

"गप बसा रे!" हेटी स्टँडकडे वळून ओरडली. मग, त्याच्याकडे न बघता, "...पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं.

टाउन हरलं. शेवटी शेवटी एक गोल गेला आणि झेंडे खाली आले, मोठी माणसं बाकांवर बसून रडली. हेटीही रडली, पण तिला फार वेळ नव्हता. दर मे महिन्यात मैदान पार खरवडून काढतात. मोठं यंत्र येतं आणि वर्षाची सगळी हिरवळ, चिखल, खुणा एका दिवसात साफ करतं.

रविवारी सकाळी यंत्र दाराशी येऊन उभं होतं. ग्रिफ गाडीत बॅगा टाकून, गळ्यात कालचाच टाय बांधून निरोप घ्यायला आला, तर हेटी गोलसमोर गुडघ्यांवर. तिने सुरीने तेवढाच तुकडा मातीसकट उचलला, पाईच्या पत्र्याच्या ताटलीत ठेवला आणि त्याच्या छातीवर आदळल्यासारखा दिला.

"रोज पाणी घाल. खिडकीत ठेव. कात्रीने काप. मेंढीसारखा खाऊ नकोस."

"मरेल गं माझ्या हातून."

"मरू देऊन तर बघ! दर रविवारी येऊन तपासणार आहे मी. एक पातं जरी पिवळं दिसलं ना..."

"तर?"

"तर सोमवारी परत जाणार नाही."

ग्रिफने ताटलीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं.

"मग पाणीच घालत नाही," तो म्हणाला.

हेटीला असा काही राग आला, की तिने त्याचा टाय धरून त्याला खाली ओढलं. तो फारच उंच होता, आणि आणखी वाट पाहायची तिची अजिबात तयारी नव्हती.