रविवारचं वजन

रविवारी सिरसाळ्याचा मोंढा, म्हणजे धान्यबाजार, बंद असतो. त्या दुपारी ओट्यांवर हिवाळ्याचं ऊन पसरलं होतं आणि माणूस म्हणून कुणी नव्हतं. केदारनाथच्या आडत दुकानासमोर पोती मोजायचा वजनकाटा तेवढा चालू राहिला होता. स्वप्नालीनं इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या... आणि हळूच काट्यावर उभी राहिली.

"एक्क्याऐंशी किलो, चारशे ग्रॅम," आतून आवाज आला.

ती दचकली. सोयाबीनच्या थप्पीमागून उंच, सडपातळ केदारनाथ पुढं आला. केसांत भुसा, मिशीत हसू.

"बारदान वजा करू का? रिकाम्या पोत्याचा एक किलो सोडतो आमी."

एरवी तिनं चांगलंच सुनावलं असतं. पण आज डोळेच भरून आले. केदारनाथचं हसू विरलं. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं.

"माफ करा. थट्टा अंगलट आली. पण काटा कावून बघितला, सांगता का?"

का कोण जाणे, तिनं सांगितलं. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या गुंडप्पांची ती एकुलती मुलगी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आईला साखरेचा आजार, म्हणून तिची चालत नव्हती. स्वप्नालीची जुळत होती, पण डॉक्टर म्हणाले, आधी बारा किलो वजन उतरवा.

"दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं," ती म्हणाली. "एकटीनं होत न्हाई हो."

केदारनाथनं खिशातून पेन काढलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या रविवारच्या चौकटीत बारीक अक्षरात आकडा लिहिला. फक्त आकडा, नाव नाही.

"दर रविवारी या. कुणाला कळणार न्हाई. पण यायचं म्हंजे यायचं."

तेव्हापासून दर रविवारी ती येऊ लागली. गावात दोघांनी सोबत फिरायची सोय नव्हती, म्हणून सकाळी सहाला त्याचा फोन येई. ती शाळेच्या मैदानावर चाले, तो मोंढ्यातल्या ओट्यांभोवती. मध्ये अख्खं गाव धुक्यात झोपलेलं.

"हजर?"

"हजर... लई थंडी हाय हो."

"मग जोरात चाला. आज कुठवर दिसतंय?"

"लिंबापर्यंत. पुढं सगळं पांढरं."

"माझ्याकडंबी पांढरंच. म्हंजे एकाच ढगात हाओत आपण."

ती हसली, आणि तिच्या लक्षात आलं, ती दोन फेऱ्या जास्त चालली होती.

तिनं साखर सोडली, तर त्यानंही सोडली. मुळातच काटकुळा तो! त्याची आई रोज त्याच्या कपाळाला हात लावून बघू लागली.

पौषात पाच किलो उतरले. मग माघात उमापूरला मावसबहिणीचं लग्न निघालं. चार दिवस जिलेबी, गुलाबजाम... वर नवरीच्या एका आत्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, "एक किडनी दिल्यावर हिला कोण करून घेईल गं?" त्या रात्री स्वप्नाली रडत रडत जेवली, पोट भरलं तरी जेवत राहिली.

रविवारी काटा दोन किलो वर गेला.

"अर्धा किलो कमी लिवा ना," ती पुटपुटली.

"न्हाई. जे भरलं तेच लिवायचं." त्याचा आवाज मऊ होता, पण पेन हललं नाही. "तुमाला खोटं बोललो, तर तुमच्या बाबांनाबी खोटं बोलल्यासारखं होईल."

ती रागानं निघून गेली. तीन दिवस फोन उचलला नाही. चौथ्या पहाटे त्याचा निरोप आला — बोलू नका. फोन नुसता सुरू ठेवून चाला. तुमच्या पावलांचा आवाज आला तरी बास.

ती उठली. शब्दही न बोलता दोघं चालत राहिले. तिच्या कानात त्याची पावलं, त्याच्या कानात तिची. सूर्य वर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आत्या म्हणत होती..." आणि सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. उत्तर मात्र त्यानं दिलं नाही, आणि ते तिला दिवसभर सलत राहिलं.

चैत्रात बारा किलो पुरे झाले. संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी गुंडप्पा उठून बसले, घोटभर पाणी प्यायले आणि पोरीचा हात धरून त्यांनी आपल्या कपाळाला लावला.

संध्याकाळी ती भिंतीला धरून पॅसेजमध्ये पावलं टाकत होती. समोरून केदारनाथ आला. मागं त्याची आई, नवं लुगडं नेसलेली, हातात फळांची पिशवी. त्या सरळ गुंडप्पांच्या खोलीत शिरल्या.

"आई... कावून आल्या?" स्वप्नालीनं विचारलं.

"तुला मागायला." पहिल्यांदाच त्यानं तिला अगं-तुगं केलं. "त्या दिवशी फोनवर बोलायचं नव्हतं मला. उत्तर आधी घरी ठरवायचं होतं, मग तुला द्यायचं होतं."

"मला एकच किडनी हाय आता..." ती म्हणाली.

"मला दोन हायेत," तो म्हणाला. "दोघांत तीन झाल्या. लई झाल्या की गं!"

हसल्यावर टाके दुखले. ती कळवळली, पुन्हा हसली... आणि भिंतीवरचा हात काढून तिनं त्याच्या हातात दिला.