आरशाखालचं बटण

गाडीची लीज, म्हणजे भाडेकरार, वॉरंटीच्या पुढे न्यायची नाही, हे मी आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना शिकवलंय. डेट्रॉइटच्या या उपनगरात बहुतेक जण गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. इथे गाडी सहसा कुणी विकत घेत नाही. दोन-तीन वर्षं वापरायची, परत करायची, नवी आणायची. लांबच्या मुदतीत हप्ता कमी दिसतो म्हणून लोक भुलतात. पण वॉरंटी संपली की गाडीची दुखणी आपल्या गळ्यात, आणि एवढं करून गाडी शेवटी आपली नाहीच. मी हयातभर गाड्यांमधल्या बटणांची चाचणी केली. या बाबतीत माझा शब्द इथे मानतात.

म्हणून मार्सेलाची गाडी मी मुदत संपल्याबरोबर परत केली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. मार्सेला माझी बायको. ती पानगळीत गेली आणि गाडीची मुदत भर थंडीत संपली. गडद निळी, आत साईच्या रंगाचं कातडं, आम्ही घेतलेल्यांत सगळ्यात महागडी. चालवायची तीच. "लुडविक, तू गाडी चालवतोस की शवपेटी नेतोस?" असं म्हणून तिने माझ्याकडून चावी काढून घेतली ती कायमचीच. कुठे निघायचं झालं की ती आधी जाऊन बसायची आणि माझ्या बाजूची सीट गरम करायला लावायची. मी तोवर घरभर बूट शोधत असायचो. मग आतूनच हाक यायची, "येतोयस, की मी जाऊ?"

गाडी परत देताना इथे प्रत्येक जण ठरलेली कामं करतो. पुढचा खण रिकामा करायचा, पायाखालची मॅट झटकायची, आणि आरशाखालचं, गॅरेजचं दार गाडीतूनच उघडणारं बटण दाबून धरून त्यात साठवलेली आपल्या दाराची खूण पुसून टाकायची. नाहीतर पुढच्या माणसाच्या हातात आपल्या घराची चावी दिल्यासारखंच. मी सगळ्यांना याची आठवण करून देतो. नेमकं मार्सेलाच्या गाडीत ते राहून गेलं.

गाडी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाचच्या सुमारास मी सूप गरम करत होतो. गॅरेजचं दार वर गेलं. मोटर भिंतीपलीकडेच आहे, ती चालू झाली की फळीवरचे कप किणकिणतात. मार्सेला दातांच्या दवाखान्यात हिशेब बघायची आणि याच वेळेला घरी यायची. मी जाऊन पाहिलं. दार सताड उघडं, बाहेर राखाडी बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत जमिनीवर, रस्त्यातला बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचे, गाडीच्या चाकांनी आणलेले दोन पांढरे पट्टे तेवढे होते. मी दार खाली घेतलं.

तिसऱ्या दिवशीही तेच. मला भीती वाटली नाही, राग आला. म्हटलं, गाडी कुणीतरी जवळपासच्याने घेतलीय आणि बटणाशी चाळा करतोय. मी शोरूममधल्या डरेलला फोन लावला.

"मिस्टर डोम्ब्रोस्की, कुणी घेतली नाही हो," तो म्हणाला. "मागच्या आवारात उभी आहे. वर हातभर बर्फ साचलाय. बॅटरीची तार मीच काढली."

"नीट बघ."

"खिडकीतून समोर दिसतेय मला."

त्या बटणाचा संदेश आमच्या अंगणापलीकडे पोचत नाही. शोरूम चार मैलांवर. मी शिडी घेतली, छतावरच्या यंत्रातल्या सगळ्या खुणा पुसल्या, हाताने तपासून पाहिलं. आता ते गाडीतल्या कुठल्याच बटणाला दाद देणार नव्हतं.

पाचला कप किणकिणले.

त्यानंतर एकदा मी आधीच गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. दार सावकाश वर गेलं. गार वारा आत आला. आणि मी, का कोण जाणे, भिंतीला लागून बाजूला सरलो. गाडीला वाट देतात तसा. थोड्या वेळाने दार आपोआप खाली आलं. मी तिथेच रंगाच्या डब्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. तिला नेलं त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. पुढे मी दोन वाट्या सूप काढायला लागलो.

मग डरेलचाच फोन आला. गुरुवारी ट्रक येणार, गाडी ओहायोला लिलावात जाणार.

"मला ती परत हवीय," मी म्हणालो. "वर्षभरासाठी."

"जुन्या गाडीला वर्षभराची लीज नाही देत कुणी. पाच वर्षांची असेल तर वरच्यांशी बोलतो. पण वॉरंटी संपत आलीय, आणि हे तुम्हीच मला—"

"पाच चालेल."

मार्सेलाचा भाऊ कॅझ हे ऐकून तडक घरी आला. पिएरोगीचा, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा टेबलावर आपटला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या पोराला तीन वर्षांच्या वर जाऊ दिलं नाहीस."

"तिची गाडी आहे, कॅझ."

"पाच वर्षं. तुझ्या छातीत दोन स्टेंट आहेत. तू तरी असशील का तोवर?" बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. टेबलावरच्या दोन वाट्यांकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना तिला."

मी सही केली. गाडी ओहायोला गेली असती आणि पाचला दार उघडलं नसतं, तर ती संध्याकाळ मला निभावली नसती.

गुरुवारी दुपारी मी गाडी घरी आणली. माझे पाय लांब, म्हणून चालकाची सीट पार मागे सारून घ्यावी लागली. गॅरेजमध्ये लावली, इंजिन बंद केलं, दार खाली घेतलं. मागच्या दाराशी बूट काढले, चावी खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरात वाट बघत बसलो. मनात एकच धास्ती होती. गाडी तर आता घरातच आहे. मग दार कशाला उघडेल?

पाच वाजले. काही नाही.

अंधारायला लागलं. मी सूप पातेल्यात परत ओतलं.

तेव्हा कप किणकिणले.

मी तसाच, मोज्यांवर, गॅरेजमध्ये गेलो. दार वर गेलेलं. आत कुणी नव्हतं. चावी अजून माझ्यामागे खिळ्यावर होती.

चालकाची सीट पुढे होती. अगदी स्टिअरिंगला लागून. मार्सेला बुटकी होती.

मी पलीकडून जाऊन माझ्या बाजूचं दार उघडलं. सीटवर तळवा ठेवला. चांगली गरम होती.

गॅरेजचं दार खाली येईना. बाहेर बर्फ पडायला लागला होता आणि थंडी मोज्यांतून वर चढत होती. बूट घालावेत म्हणून मी वळलो.

शोधावे लागले नाहीत. ते माझ्या पायांशी होते, गाडीच्या उघड्या दाराजवळ, नाड्या सैल करून जोडीने ठेवलेले.